धामणीची पिल्लं : दिसतात कशी, एवढी चिडतात का?

रानजाई

नमस्कार मंडळी.

आमच्या जुन्नरकडच्या शेतात मोठ्या धामणीला कोणी हात लावत नाही. बांधावरून सरसर गेली की गडीमाणसं म्हणतात, "उंदरं खाती, जाऊ दे तिला." तिची पिल्लं मात्र दर पावसाळ्यात मारली जातात, कारण ती धामणीची आहेत असं कोणाला वाटतच नाही.

परवा शेणखताच्या खड्ड्याजवळ एक पिल्लू निघालं. जाडी करंगळीएवढी, लांबी हातभराच्या आतली. राखाडी-तपकिरी अंग, पुढच्या अर्ध्या भागावर फिकट निळसर पांढरे आडवे पट्टे आणि डोक्याच्या मानाने भलेमोठे डोळे. एक गडी म्हणाला मण्यार, दुसरा म्हणाला नागाचं. ते तर तोंड उघडून फावड्यावरच झेपावत होतं, त्यामुळे "विषारीच असणार, बिनविषारी जनावर एवढं चिडत नाही" यावर सगळ्यांचं एकमत झालं. मी त्याच्यावर पाटी पालथी घातली आणि सर्पमित्राला फोन लावला. त्याने पाटी उचलल्या उचलल्या सांगितलं, धामण आहे. नंतर ओढ्याच्या कडेला सोडून दिलं.

माझं म्हणणं असं, की मोठी धामण ओळखायला सगळे शिकवतात. शाळेतल्या तक्त्यावरही मोठीच असते. पिल्लू ओळखायला कोणी शिकवत नाही आणि मरतं ते पिल्लूच. जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात : लांबूनच ओळखता येईल असं त्याच्यात काय असतं, आणि ते एवढं तापट का असतं? सर्पमित्राने काढलेला फोटो खाली डकवला आहे.

तिखटमीठ

पाटी पालथी घालण्याच्या धाडसाला साष्टांग नमस्कार! आमच्या सोसायटीत गांडूळ निघालं तरी वॉचमनला हाक जाते. वाचतेय, लिहा मंडळी.

बिनविषारी

ताई, फोटोतली धामणच आहे, शंकाच नको. सातारा भागात गेली बरीच वर्षं साप सोडवायचं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अंड्यातून बाहेर येतं तेव्हाच धामणीचं पिल्लू साधारण ३५ ते ४५ सेंटीमीटर भरतं. नागाचं किंवा मण्यारीचं नवं पिल्लू त्याहून लहान असतं. मोठ्या धामणीच्या मागच्या अर्ध्या अंगावर आणि शेपटीवर काळसर जाळी दिसते, पुढचा भाग बहुतेक एकरंगी. पिल्लाचं उलटं. त्याचे पट्टे पुढच्या भागावर असतात आणि ते फिकट असतात. जसजसं वाढतं तसतसे ते पट्टे पुसट होत जातात. म्हणून मोठ्या धामणीचा फोटो शेजारी ठेवून पिल्लू जुळवायला गेलात तर जुळणार नाही.

मग बघायचं काय? डोळा आणि ओठ. डोळा मोठा, बाहुली गोल, भोवतीचा रंग सोनेरी-तपकिरी. वरच्या ओठावरचे खवले फिकट असतात आणि दोन खवल्यांच्या मधली शिवण काळी, त्यामुळे ओठावर पेनाने उभ्या रेघा मारल्यासारखं दिसतं. या रेघा पिल्लालाही असतात आणि म्हातारपणापर्यंत टिकतात. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून लांबूनही दिसतात. मान बारीक असते, त्यामुळे डोकं वेगळं उठून दिसतं.

तापटपणाबद्दल रात्री लिहितो, आत्ता एक कॉल आलाय.

धोंडोपंत

मण्यारीलाही पांढरे पट्टेच असतात की. माझ्यासारख्या चष्मेवाल्याने दहा फुटांवरून काय ठरवायचं?

पाणकोंबडी

@धोंडोपंत, मण्यार काळीभोर आणि तुकतुकीत असते, तेल लावून पुसल्यासारखी. पट्टे दुधी पांढरे, बारीक, आणि बऱ्याचदा जोडीजोडीने. डोळा बारीक आणि पूर्ण काळा, त्यात बाहुली वेगळी दिसतच नाही. धामणीचं पिल्लू मातकट दिसतं आणि त्याचे पट्टे कडेला विरलेले असतात.

दुसरी गोष्ट वेळेची. मण्यार रात्री फिरते, धामण दिवसाउजेडी. भर उन्हात अंगणातून धावणारा पट्ट्यांचा साप मण्यार असण्याची शक्यता कमीच. तरी अडगळ उचलताना मण्यार दिवसाही सापडते, तेव्हा नुसत्या वेळेवर विसंबू नका.

माझ्या अनुभवात जास्त घोटाळा होतो तो धूळनागिणीच्या पिल्लात. त्यालाही लहानपणी ठळक पट्टे असतात, तेही पुढे पुसट होतात आणि तेही भयंकर तापट. ते बिनविषारीच, पण लोक त्याला नाग समजून मारतात.

कोकणचो_झील

आमच्या गावी धामणीबद्दल जेवढ्या कथा तेवढ्या नागाबद्दलही नसतील. ती गाईच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते. तिच्या शेपटीत काटा असतो आणि तो लागला की अवयव सडतो. तिची नजर पडली की म्हैस आटते. आणि मुख्य म्हणजे धामण ही नागाची मादी. आता नागाची बायको म्हटल्यावर तिचं पिल्लू नागाचंच ठरणार ना! आजी अजूनही हेच सांगते आणि तिच्यासमोर कोणी तोंड उघडत नाही.

सुतारपक्षी

आजीबाईंना नमस्कार, पण पिल्लं मरतात ती या शेवटच्या समजुतीमुळेच. नाग आणि धामण या वेगवेगळ्या जाती आहेत. नागात नर-मादी असतात, धामणीतही असतात. सापाच्या तोंडाची रचना आचळ चोखण्याजोगी नसतेच, दात आत वळलेले असतात. गाय एक क्षण उभी राहणार नाही. गोठ्यात धामण येते ती उंदरांसाठी. कडब्याखाली उंदीर, उंदरांमागे धामण, इतका सरळ हिशोब आहे.

शेपटीचा काटाही नाही. पकडली की ती शेपूट जोरात आपटते, तेवढंच.

गावचा_डॉक्टर

चर्चा छान चालली आहे, पण एक वैद्यकीय सूचना आवश्यक वाटते. इथे वाचून कोणी "ओठावर रेघा होत्या, धामणच चावली" असं ठरवून घरी बसू नये.

धामणीला विषाचे दात नाहीत. ती चावली की बारीक दातांच्या ओळी उमटतात, खरचटल्यासारखं रक्त येतं. साबण-पाण्याने धुवायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं, संपलं. पण साप नक्की कोणता होता हे शंभर टक्के माहीत नसेल तर थेट रुग्णालय गाठा. दोन दातांच्या खुणा म्हणजे विषारी आणि अनेक म्हणजे बिनविषारी हा नियम भरवशाचा नाही. मण्यारीच्या दंशाची तर कित्येकदा खूणही सापडत नाही आणि दुखतही नाही. आम्ही रुग्णाला देखरेखीखाली ठेवतो, पापण्या जड होताहेत का बघतो, रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतं का पाहतो. लक्षणं दिसली तरच प्रतिविष देतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर तेच एक औषध चालतं, म्हणून साप मारून दवाखान्यात आणायचीही गरज नसते.

माझं स्पष्ट मत : सामान्य माणसाने पिल्लू ओळखण्याच्या फंदात पडू नये. लांब राहावं, एवढंच पुरेसं आहे.

रानजाई

डॉक्टरसाहेब, चावण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते अक्षरशः मान्य. शेवटच्या वाक्याशी मात्र सहमत नाही.

"लांब राहावं" हे शहरात जमतं. शेतात काय होतं ते सांगते. खुरपणीला दहा बायका ओळीने बसलेल्या असतात, त्यांच्या पुढ्यातून पिल्लू निघतं. सर्पमित्र यायला तास-दीड तास लागतो, तोवर त्या पिल्लाकडे बघत उभं राहायला कोणाला सवड नसते. तिथे 'ओळख किंवा लांब राहा' असा सवालच नसतो, 'ओळख किंवा खुरपं' असा असतो. ओळख पटली तर बायका दोन पावलं बाजूला होतात आणि पिल्लू निघून जातं. त्याला हात लावा असं मी कोणालाच सांगत नाही.

गावचा_डॉक्टर

ही बाजू पटली. 'ओळखून सोडून द्या, पण ओळखून उचलू नका' एवढं मात्र ठसवा. माझ्याकडे येणाऱ्या पोरांत 'बिनविषारी आहे' म्हणून उचलायला गेलेले जास्त असतात.

बिनविषारी

आलो. डॉक्टरांना दुजोरा : आम्हीसुद्धा पिल्लू बोटांनी उचलत नाही. रुंद तोंडाची बरणी आडवी ठेवायची, हुकने हळूच वळवायचं, ते अंधार बघून स्वतःच आत शिरतं.

आता स्वभाव. आधी त्याच्या बाजूने विचार करा. अंड्यातून बाहेर आल्यापासून त्याच्या मदतीला कोणी नसतं. मादी काही वेळा अंड्यांपाशी वेटोळं घालून थांबलेली आढळते, पण पिल्लं बाहेर आली की त्यांचं ती काहीच करत नाही. आणि खाणारे किती! मुंगूस, घोरपड, भारद्वाज, मोर, शिक्रा, सर्पगरुड, मांजर, अंगणातली कोंबडी, शिवाय नागही. विष नाही, वेटोळ्यात आवळून मारायची ताकद नाही. मग उरतं काय? पळणं, आणि पळता आलं नाही तर आपण मोठे आहोत असं भासवणं.

पहिला पर्याय नेहमी पळण्याचाच असतो. मोकळ्या जागेत धामणीचं पिल्लू तुमच्यावर चाल करून येत नाही, गवतात दिसेनासं होतं. झेपावतं ते कोपऱ्यात अडकल्यावर. रानजाईताईंच्या पिल्लाच्या मागे खड्ड्याची भिंत होती आणि पुढे फावडं, म्हणून ते फावड्यावर गेलं.

अडकल्यावर ते पुढचं अंग नागमोडी आखडून घेतं, गळा फुगवतं, आणि तोंड उघडून पुन्हा पुन्हा झेप टाकतं. बहुतेक झेपा हवेतच पडतात. त्या गळा फुगवण्याकडे नीट बघा, नागाशी गल्लत होते ती इथेच. नाग मानेच्या बरगड्या बाजूंना फाकवतो, त्यामुळे फणा आडवा आणि चपटा होतो. धामण मान उभ्यात फुगवते, बाजूने बघितलं तर जाड दिसते आणि वरून बघितलं तर अरुंदच. नागाचं पिल्लू पहिल्या दिवसापासून फणा काढतं आणि पहिल्या दिवसापासून विषारी असतं, हेही विसरू नका.

मोठी धामण अशा वेळी घशातून घुमल्यासारखा खोल आवाज काढते. पिल्लाचा नुसता बारीक फुत्कार असतो.

अमृतवेल

दिवडही मान चपटी करते ना? आमच्या विहिरीवर एक लहान दिवड अगदी फणा काढल्यासारखी उभी राहिली होती. सासूबाई हात जोडून उभ्या आणि नवरा खाटेवर.

बिनविषारी

करते, आणि दिवडीचं पिल्लूही तितकंच चिडखोर. तिच्या डोळ्याखालून आणि डोळ्यामागून निघणाऱ्या दोन तिरप्या काळ्या रेघा बघायच्या, अंगावर पट्ट्यांऐवजी बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतात. पाण्याजवळ असेल तर आधी दिवडच आठवा. यजमानांना खाटेवरून उतरायला हरकत नाही, दोन्ही बिनविषारी आहेत :)

विदर्भवीर

सगळीच पिल्लं तापट असतात हे काही मला पटत नाही बा. आमच्या वर्ध्याकडच्या वाडीत धुऱ्यावर एक पिल्लू बघितलं, काडीसारखं निपचित पडून राहिलं. पोरगं जवळून गेलं तरी हललं नाही. मग 'धामण म्हणजे रागीट' कसं म्हणायचं?

पाणकोंबडी

@विदर्भवीर, तुमचं बरोबरच आहे. निश्चल राहणं हीसुद्धा लपण्याचीच तऱ्हा, ते पट्टे गवताच्या सावलीत मिसळण्यासाठीच उपयोगी पडतात. त्यातून सकाळचा गारवा असेल तर साप सुस्त असतो, ऊन खाल्लं की तोच साप वाऱ्यासारखा पळतो. कात टाकायच्या आधी डोळ्यांवर दुधी पडदा येतो, नीट दिसत नाही, तेव्हा तोच जास्त बिथरतो. एकाच पिल्लाचा स्वभाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा वाटू शकतो. 'शांत आहे' म्हणून कोणी हात घालू नये याचं हेही एक कारण.

शार्लटकर

अमेरिकेतून लिहितोय. इथेही 'रॅट स्नेक' म्हणून साप आहे, मोठेपणी काळाकुळकुळीत. त्याचं पिल्लू मात्र राखाडी आणि त्यावर गडद ठिपके. शेजारी त्याला कॉपरहेड हा विषारी साप समजून मारतात. म्हणजे तुमच्या खड्ड्यावरची गोष्ट इथल्या गराजमध्येही घडते! चिडल्यावर हे पिल्लू पाचोळ्यात शेपटी थरथरवतं, त्याचा खुळखुळ्यासारखा आवाज येतो, त्यामुळे लोक आणखी घाबरतात. फक्त हे साप भक्ष्याला आवळून मारतात. धामण आवळते का?

सुतारपक्षी

नाही. नावापुरतं साम्य आहे, नातं जवळचं नाही. धामण भक्ष्य जबड्यात पकडते, अंगाच्या भाराने जमिनीवर दाबून धरते आणि बहुतेकदा जिवंतच गिळते.

कोकणचो_झील

थोडं विषयांतर. मी स्वतः नाग आणि धामण जुगलेले बघितलेत. दोघं पिळा घालून निम्म्या अंगाने उभे, गावातल्या लोकांनी वरून नवं उपरणं टाकलं. मग हे काय?

बिनविषारी

तो दोन नर धामणींचा झगडा. एकमेकांना पीळ घालतात, पुढचं अंग उचलतात आणि दुसऱ्याचं डोकं खाली दाबायचा प्रयत्न करतात. चावाचावी नसते, हरलेला निघून जातो. बघणाऱ्याला ते मीलन वाटतं. दोघांच्या रंगात फरक असला की एकाला नाग ठरवून मोकळे. धामण पिवळट, हिरवट, तपकिरी, राखाडी आणि जवळजवळ काळीही असते.

धोंडोपंत

धाग्याची गाडी पिल्लांवरून कुस्तीवर गेली, पण माहिती भारी. वाचनखूण साठवली.

मळ्यातला_गणेश

मी नगर जिल्ह्यातला कांदा उत्पादक. उंदरांनी चाळीत नुसता धुडगूस घातलाय. कोणाला धामणीची पिल्लं सापडली तर मारण्याऐवजी मला द्या, चाळीत सोडतो. त्यांचाही जीव वाचेल आणि माझा कांदाही.

पाणकोंबडी

गणेशभाऊ, भावना चांगली आहे पण तसं करता येत नाही. धामणीला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पकडून नेणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा. दुसरं, एवढंसं पिल्लू उंदीर खाणार कसं? त्याचा आहार म्हणजे बेडकांची पिल्लं, पाली, सरडे. मोठा उंदीर गिळण्याजोगी व्हायला तिला बराच काळ जावा लागतो. आणि अनोळखी जागी सोडलेला साप तिथे टिकेलच असं नाही.

तुमच्या शेतात आत्ता ज्या आहेत त्यांना राहू द्या. बांधावरची झुडपं सगळी जाळू नका, जुनं वारूळ फोडू नका, उंदराचं विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर धामणीने गिळला तर तिच्याही जिवाला धोका.

सुतारपक्षी

यावरून आठवलं. एके काळी कातड्यासाठी धामणी भरमसाट मारल्या जायच्या, पट्टे आणि पाकिटं व्हायची. १९७६ साली आपल्याकडून सापाच्या कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली. व्यापार बंद करता आला, मग खड्ड्याकाठचं खुरपंही थांबवता येईल.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज त्याच खड्ड्यात वरचा थर हलवला तर पांढरी, चामड्यासारखी टरफलं सापडली, एकमेकांना चिकटलेला गठ्ठाच. आठ-दहा तरी असतील. बहुतेक रिकामी आहेत आणि प्रत्येकाला टोकाशी ब्लेडने चिरल्यासारखी एक-दोन चिरा. दोन मात्र अजून टणटणीत भरलेली वाटतात. त्यांचं काय करू? आणि बाकीची पिल्लं खड्ड्यातच असतील का?

बिनविषारी

त्या चिरा म्हणजे पिल्लं स्वतःच बाहेर पडल्याची खूण. जन्मतः नाकाच्या टोकाशी एक बारीक दात असतो, त्याने ती टरफल आतून कापतात, काही दिवसांत तो गळून पडतो. मुंगसाने अंडी खाल्ली असती तर टरफलं फाटलेली आणि विखुरलेली दिसली असती.

भरलेली दोन अंडी फिरवू नका, वरची बाजू वरच राहू द्या. आतला जीव एका बाजूला धरून असतो, अंडं उलटं झालं तर तो दगावू शकतो. होता तसा खताचा थर हलक्या हाताने परत घाला आणि तो कोपरा दोन-तीन आठवडे उपसू नका. अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला साधारण दोन महिने लागतात, भावंडं निघाली म्हणजे याही दोघांची वेळ झालेली असणार. पोकळ किंवा सडकी असतील तर मुंग्या लागतीलच, मग काढून टाका.

बाहेर पडलेली पिल्लं एकत्र राहत नाहीत. पहिली कात टाकेपर्यंत पोटातल्या बलकावर भागतं, नंतर ज्याची त्याची वाट. काही दिवस आसपास एखाददुसरं दिसेल. खत काढताना आधी लांब काठीने कडा हलवून घ्या आणि पिल्लाला निघायला एक बाजू मोकळी ठेवा. भिंत आणि फावडं यांच्यामध्ये ते सापडलं नाही तर चिडणारही नाही.

तिखटमीठ

शेवटचं वाक्य आमच्या सोसायटीच्या मीटिंगलाही लागू आहे!

ताई, एक सुचवू? यातलं डोळा, ओठ आणि मानेचं वर्णन फोटोंसह एका पानावर आणा ना. माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, ती वर्गात लावेल.

गावचा_डॉक्टर

माझ्या दवाखान्याच्या भिंतीवरही जागा आहे. पानावर खाली ठळक लिहा : चावल्यास ओळख पटवत बसू नका, दवाखान्यात या. आणि वनविभागाचा १९२६ हा क्रमांकही टाका.

रानजाई

नक्की करते. खड्ड्याचा तो कोपरा चार काठ्या रोवून, दोरी बांधून बाजूला ठेवलाय. गड्यांना कारण सांगितलं, एकाने विचारलं "पोरं निघाली की दाखवाल का," म्हणून फोटो काढायचं त्याच्यावरच सोपवलंय, लांबून.

पानासाठी मला धामण, नाग, मण्यार, धूळनागीण आणि दिवड यांच्या पिल्लांचे बाजूने घेतलेले, डोळा आणि ओठ स्पष्ट दिसतील असे फोटो हवेत. स्वतः काढलेलेच द्या आणि वापरायला हरकत नाही असं सोबत लिहा. मण्यारीचा फोटो कोणाकडे आहे?

पाणकोंबडी

माझ्याकडे आहे, आणि धूळनागिणीचेही दोन. रात्री डकवते.